मुलाम्याखालील इतिहास

मुलामा या शब्दास आपल्या भाषेंत फारशी प्रतिष्ठा नाहीं. एखाद्याच्या सौजन्याविषयीं शंका आली म्हणजे तो वरवरचा मुलामा आहे असें आपण म्हणतों. एखाद्याच्या विद्वत्तेंत खोली नसली म्हणजे ती गिलिटाची ठरवितों. याच्या उलट कल्हई हा शब्द घ्या. कल्हई हाहि एका धातूवर दुसऱ्या धातूचा पातळ थरच होय. परंतु तांब्यापितळेच्या भांड्यास ती वेळच्या वेळीं करून घेणें हें गृहिणीच्या दक्षतेचें लक्षण समजलें जाई, आणि कल्हई उडालेल्या भांड्यांत ताक किंवा आमटी ठेवण्यास कोणी शहाणी बाई धजत नसे. एका थरास आपण ढोंग म्हणावें आणि दुसऱ्यास पथ्य म्हणावें, याचें कारण उघड आहे. मुलामा खालच्या वस्तूचें खरें स्वरूप लपवितो. कल्हई त्या वस्तूचें व ती वापरणाऱ्याचें रक्षण करते.

जुन्या मोटारगाडीच्या बंपरावर, पुढच्या जाळीवर, दिव्यांच्या कड्यांवर आणि दारांच्या मुठींवर क्रोमचा जो लखलखाट दिसतो, तो या दोहोंपैकीं कोणत्या जातीचा? प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक वाटेल. परंतु जुन्या गाड्या शोधून, दुरुस्त करून, त्यांस पूर्वरूप देण्याचा छंद आपल्याकडेहि आतां चांगला रुजला आहे. या छंदांत पैसा तर खर्च होतोच; पण पैशापेक्षां मोलाची एक गोष्ट त्यांत पणास लागते. जुनी गाडी हा एक प्रकारचा दस्तऐवज आहे. ती उजळण्याच्या भरांत आपण तिच्यावरील मजकूर वाचतों कीं खरवडून काढतों, हें क्रोमच्या थराशीं आणि सुट्या भागांच्या शोधाशीं निगडित आहे. म्हणून या थराची व या भागांची थोडी पूर्वपीठिका पाहणें अस्थानीं होणार नाहीं.

मोटारगाडी प्रथम रस्त्यावर आली तेव्हां तिचा दागिना पितळेचा होता. दिवे, भोंगा, रेडिएटरची चौकट हीं सर्व पितळेचीं असत, आणि तीं रोज घांसण्याचें काम नोकरांकडे असे. फोर्ड कंपनीच्या सुप्रसिद्ध मॉडेल टी गाडीवरील पितळी रेडिएटर १९१७ च्या नमुन्यापासून नाहींसा झाला. एकंदरींत पितळेची जागा हळूहळू निकेलनें घेतली. निकेलचा रंग किंचित् पिवळसर व डोळ्यांस सुखकर. पण शहरांतील गंधकयुक्त धुरानें तें मंद पडतें आणि पुन्हां घांसणें नशिबीं येतेंच.

क्रोमियम हा धातु याच्या फार आधीं ठाऊक झालेला होता. उरल पर्वतांतील एका तांबड्या खनिजांतून व्होकलँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें तो १७९७ मध्यें शोधून काढला. त्याचीं संयुगें तांबडीं, पिवळीं, हिरवीं अशीं नाना रंगांचीं असल्यामुळें ग्रीक भाषेंतील रंगवाचक शब्दावरून त्याचें नांव पडलें. परंतु विजेच्या प्रवाहानें त्याचा एकसारखा व चकचकीत थर चढविण्याची भरंवशाची रीत व्यवहारांत येण्यास सव्वाशें वर्षें जावीं लागलीं. न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठांत कॉलिन फिंक या प्राध्यापकांनीं १९२४ च्या सुमारास ती सिद्ध केली. क्रोमिक अम्लाच्या द्रावणांत गंधकाम्लाचा अंश वजनानें सुमारें शंभरास एक या प्रमाणांतच राखावयाचा, अधिक नाहीं व उणा नाहीं, हें तिचें मर्म. त्या दशकाच्या उत्तरार्धांत अमेरिकन गाड्यांवर क्रोम झळकूं लागलें आणि नोकराच्या हातांतील घांसणी सुटली.

आतां या थराची मौज पाहण्यासारखी आहे. उत्तम प्रतीच्या पोलादी बंपरावर आधीं तांब्याचा, त्यावर निकेलचा आणि सर्वांत वर क्रोमचा असे तीन थर असतात. निकेलचा थर वीस ते चाळीस मायक्रॉन जाडीचा; क्रोमचा मात्र पाव ते अर्धा मायक्रॉन. मनुष्याच्या केसाची जाडी सत्तर मायक्रॉन धरली, तर क्रोमचा थर तिच्या शंभराव्या हिश्श्याहूनहि पातळ भरतो. इतक्या पातळ पदरास स्वतःचें असें रूप कोठून असणार? आपण ज्यास क्रोमची चकाकी म्हणतों ती मुख्यतः खालच्या निकेलची, आणि निकेलच्याहि खालचा पत्रा घांसून आरशासारखा करणाऱ्या कारागिराच्या हाताची असते. क्रोम तिला थोडी निळसर छटा देतें, ओरखडे सोसतें आणि तिला काळवंडूं देत नाहीं. यापलीकडे त्याचें काम नाहीं. अर्थात् क्रोम ही निकेलवर केलेली कल्हईच होय. खालचें काम खोटें असेल तर वरचा थर तें झांकीत नाहीं, उलट चव्हाट्यावर मांडतो. कारण आरशांत खळगा जितका दिसतो तितका खडबडीत भिंतींत दिसत नाहीं.

या कल्हईचें पुढें ऐश्वर्य झालें हें खरें. जनरल मोटर्स कंपनीनें गाड्यांच्या रूपाकरितां १९२७ मध्यें एक स्वतंत्र विभाग उघडून तो हार्ली अर्ल यांच्या हातीं दिला, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांच्या कारकीर्दींत गाडी म्हणजे चाकांवरचें देव्हाऱ्याचें मखर बनली. १९५८ च्या ब्यूइक गाडीच्या पुढील जाळींत क्रोमचे एकशें साठ चौकोन बसविलेले होते! येथें मात्र क्रोमनें कल्हईचें पथ्य सोडून मुलाम्याचा थाट धरला असें कोणीहि म्हणेल. परंतु त्याच दशकाच्या आरंभीं याच अमेरिकेंत एक अगदीं निराळी गोष्ट घडली होती, आणि आमच्या विषयाच्या दृष्टीनें ती अधिक बोधप्रद आहे.

कोरियांत १९५० मध्यें युद्ध पेटलें आणि विमानांच्या इंजिनांसाठीं व शस्त्रास्त्रांसाठीं निकेलची मागणी एकदम वाढली. अमेरिकन सरकारनें गाड्यांच्या शोभेसाठीं निकेल वापरण्यावर निर्बंध घातले. कारखानदारांनीं मग निकेलचा थर गाळून तांब्यावरच क्रोम चढविलें, आणि तें टिकावें म्हणून कित्येकांनीं वरून पारदर्शक रोगणाचा हात फिरविला. परिणाम व्हावयाचा तोच झाला. १९५२ च्या सुमारच्या गाड्यांचे बंपर थोड्याच हिंवाळ्यांत गंजले आणि लोकांनीं दोष क्रोमला दिला. दोष होता तो खाली नसलेल्या निकेलचा. आतां अशी एखादी गाडी आजच्या हौशी मालकाच्या हातीं पडली आणि त्यानें तिच्यावर तीन थरांचें निर्दोष क्रोम चढविलें, तर गाडी पूर्वीपेक्षां सुंदर होईल यांत शंका नाहीं. परंतु एका दूरच्या युद्धानें सामान्य गृहस्थाच्या दारापर्यंत कशी टंचाई आणली होती, याचा जो पुरावा त्या पातळ, रोगण लावलेल्या थरांत होता, तो कायमचा नाहींसा होईल. म्हणून थर चढविण्यापूर्वीं तो वाचला पाहिजे असें आमचें म्हणणें आहे.

हीच कसोटी आपल्या घरच्या गाडीस लावून पाहूं. मुंबईंत शिवडी येथें जनरल मोटर्सनें गाड्या जोडण्याचा कारखाना १९२८ मध्यें सुरू केला. परदेशांतून पेट्यांत भरून आलेले भाग येथें जोडावयाचे, रंगवावयाचे आणि विकावयाचे, इतकाच तो उद्योग. जोडणी म्हणजे निर्मिती नव्हे हें ओळखणारीं माणसें आपल्याकडे होतीं. ज्यांच्या कल्पकतेनें खडकवासल्याच्या धरणास आपोआप उघडणारे दरवाजे लाभले, त्या विश्वेश्वरय्यांनीं १९३५-३६ च्या सुमारास हिंदी मोटार कारखान्याची योजना पुढें मांडली. आणि सोलापुरांत जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनीं ती उचलून धरली. वालचंदांनीं क्रायस्लर या अमेरिकन कंपनीशीं १९४० मध्यें करार केला. परंतु महायुद्धाच्या काळांत त्या वेळच्या सरकारनें या उद्योगास हवें तें साह्य दिलें नाहीं. अखेर १९४४ मध्यें प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली आणि कुर्ल्याच्या कारखान्यांतून पहिल्या गाड्या बाहेर पडल्या त्या १९४७ मध्यें, म्हणजे स्वातंत्र्याच्याच वर्षीं.

या पहिल्या गाड्यांची एक गंमत आहे. डॉज किंग्जवे, प्लिमथ आणि डी सोटो डिप्लोमॅट अशीं नांवें धारण करून ज्या क्रायस्लर कुळांतील गाड्या आपल्या रस्त्यांवर फिरल्या, त्यांचा देह बहुतांशीं एकच होता. परदेशीं विकण्यासाठीं प्लिमथ गाडीलाच निराळी जाळी, निराळ्या पट्ट्या आणि निराळें नांव चढवून कंपनीनें तिच्या तीन बहिणी केल्या होत्या. एकीस दुसरीपासून ओळखावयाचें तें क्रोमवरून. आज अशी गाडी दुरुस्त करूं पाहणाऱ्यास याचा प्रत्यय विलक्षण रीतीनें येतो. इंजिनाचे दट्टे, वॉशर, ब्रेकचे रबर हे भाग अमेरिकेंतून अजून मागवितां येतात, कारण ते लाखों प्लिमथ गाड्यांना समान आहेत. परंतु किंग्जवेची म्हणून जी नाममुद्रा, जो बॉनेटवरील अलंकार, त्यासाठीं मात्र वर्षानुवर्षें वाट पाहावी लागते. गाडीचा जीव बाजारांत मिळतो. तिचें नांव मिळत नाहीं. जी वस्तु निव्वळ शोभेची म्हणून आपण हिणवीत होतों, तीच त्या गाडीची ओळख होती हें असें उशीरा ध्यानांत येतें.

पुढें १९५३ मध्यें टॅरिफ कमिशननें अशी शिफारस केली कीं, ज्या कंपन्यांपाशीं गाडीचे भाग क्रमाक्रमानें येथेंच तयार करण्याची योजना असेल त्यांनाच हा धंदा करूं द्यावा. नुसती जोडणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांनीं गाशा गुंडाळला. शिवडीचा कारखानाहि १९५४ मध्यें बंद झाला. कुर्ल्यास मात्र इटलीच्या फियाट कंपनीच्या सहकार्यानें अकराशें या नमुन्याची निर्मिती सुरू झाली. त्या गोलसर पाठीच्या गाडीस मुंबईकरांनीं 'डुक्कर फियाट' असें प्रेमाचें नांव दिलें. नंतर १९६४ मध्यें नव्या घडणीची डिलाइट आली. तिचेंच नांव १९७२ मध्यें प्रेसिडेंट झालें आणि १९७४ च्या सुमारास पद्मिनी झालें. मूळ इटलींत हा नमुना १९६२ पासून १९६६ पर्यंत, अवघीं चार वर्षें निघत होता. कुर्ल्यास त्याच सांच्यांतून जवळजवळ साडेतीन दशकें, शतकाच्या अखेरीपर्यंत गाड्या निघत राहिल्या.

त्या काळीं गाडीसाठीं नांव नोंदवून वर्षानुवर्षें ताटकळणाऱ्या गृहस्थांनीं या स्थितीस दिलेलीं दूषणें अनेक वाचकांच्या घरांत अजून आठवत असतील. स्पर्धा नाहीं म्हणून सुधारणा नाहीं, आणि सुधारणा नाहीं म्हणून जग पुढें गेलें तरी आपली गाडी जागच्या जागीं, ही टीका अन्याय्य नव्हती. परंतु इतिहासाची गति वांकडी असते. जी स्थिरता ग्राहकास शाप वाटली तीच आज जुन्या गाडीच्या मालकास वरदान झाली आहे. इतकीं वर्षें एकच घडण चालल्यामुळें तिचे भाग गल्लीबोळांतून विखुरले. एका वर्षाची दाराची मूठ दुसऱ्या वर्षाच्या गाडीस थोड्या फरकानें बसते. आणि शेंकडों मिस्त्र्यांच्या हातांस तिचें अंग पाठ झालें. इटलींतील एखाद्या संग्राहकास जो भाग दुर्मिळ, तो ऑपेरा हाऊसच्या परिसरांतील एखाद्या जुन्या दुकानाच्या माळ्यावर मूळ कागदांत गुंडाळलेला निघणें अशक्य नाहीं.

सुट्या भागांचा शोध ही स्वतःच एक विद्या आहे. मुंबईंत चोरबाजारची मटण स्ट्रीट, कुर्ल्याचा सी. एस. टी. रस्ता, पुण्यांत मंगळवार पेठेंतील जुना बाजार या तिच्या शाळा होत. येथें शिकावयाचा पहिला धडा असा कीं, भाग मागतांना गाडीचें केवळ नांव सांगून भागत नाहीं. सांगाड्यावरील व इंजिनावरील क्रमांक, भागावरील ओतीव आंकडा, पेंचांच्या छिद्रांमधील अंतर, हीं सर्व टिपून न्यावीं. आणि शक्य तर मोडका भागच बरोबर न्यावा. दुसरा धडा असा कीं, चकचकीत दिसणारा नवा नकली भाग पुष्कळदां पातळ पत्र्याचा असतो. मूळचा गंजलेला पण जाड भाग अधिक किंमत देऊन घेणें शहाणपणाचें. तिसरा धडा सर्वांत कठीण. प्रत्येक मूळ भाग कोठल्या तरी दुसऱ्या गाडीच्या अंगावरून आलेला असतो. एक गाडी सजवितांना आपण दुसरी मोडीत काढीत असतों. ती दुसरी खरोखरच वांचण्यापलीकडे गेली होती काय, हा प्रश्न विकत घेणाऱ्यानें विक्रेत्यास एकदां तरी विचारावा, आणि स्वतःलाहि विचारावा.

मिळालेला भाग उजळण्यापूर्वीं तो कशाचा आहे हें पाहणें अवश्य आहे. कारण क्रोमसारखी दिसणारी प्रत्येक वस्तु क्रोमची नसते. दारांवरून व खिडक्यांखालून जाणाऱ्या लांब पट्ट्या पुष्कळदां स्टेनलेस पोलादाच्या किंवा ॲल्युमिनियमच्या असतात. स्टेनलेसवर कसलाच थर नसतो. तिचा पोंचा आंतून लाकडी व लहान पोलादी हातोडीनें हळूहळू बाहेर काढावा, बारीक कागदानें घांसावें आणि बफावर पॉलिश करावें, म्हणजे ती नव्यासारखी होते. फोर्ड कंपनीनें १९३० मध्येंच मॉडेल ए गाडीच्या चकचकीत भागांसाठीं ही धातु पत्करली होती. त्याहून बिकट प्रकरण जस्ताच्या ओतीव भागांचें. नाममुद्रा, दारांच्या मुठी, दिव्यांच्या कड्या यांसाठीं जस्ताची मिश्रधातु सांच्यांत दाबून ओतीत. ती जड पण ठिसूळ असते. वरच्या थरास बारीकसें छिद्र पडलें कीं दमट हवा आंत शिरून जस्तास पोखरते, आणि पृष्ठभागावर देवीच्या वणांसारखे फोड येतात. मुंबईची खारी हवा तर या रोगाची माहेरघरच.

असा भाग क्रोमच्या कारखान्यांत गेला म्हणजे त्याचें काय होतें? प्रथम उलट्या विद्युत्प्रवाहानें किंवा अम्लानें जुने थर उतरवितात. मग खालचा पत्रा उघडा पडतो आणि गाडीचें सगळें पूर्वायुष्य दिसूं लागतें: कोठें ठोकर, कोठें झाळण, कोठें गंजाची जाळी. ठोकून, भरून, घांसून तो सपाट करतात. तांब्याचा जाड थर देऊन खळगे भरतात, पुन्हां घांसतात, खळगा उरला तर पुन्हां तांबें. जस्ताचा भाग आम्ल द्रावणांत विरघळूं लागतो, म्हणून त्यास पहिलें तांबें सायनाइडच्या द्रावणांतून द्यावें लागतें. मग निकेलच्या हौदांत निरनिराळ्या मुदतीपर्यंत ठेवून शेवटीं क्रोमच्या हौदांत कांहीं मिनिटें बुडवितात. मालक ज्या शेवटच्या बुडीचे पैसे देतों असें समजतो तिला मिनिटें लागतात. ज्या घांसणीकडे तो पाहतहि नाहीं तिला दिवस लागतात. आणि धोकाहि त्या घांसणींतच आहे. उतावळ्या बफवाल्याच्या हातीं नाममुद्रा गेली कीं अक्षरांच्या कडा बोथट होतात, उंच नक्षी सपाट होते, आणि परत येतो तो एक चकचकीत, पण मुका तुकडा. म्हणून भाग देण्यापूर्वीं त्याचें छायाचित्र व मापें घेऊन ठेवावीं, आणि कडा राखावयाच्या आहेत हें कारागिरास बजावून सांगावें. थोडाच गंज असेल तर कारखान्याची पायरीहि चढूं नये. ॲल्युमिनियमच्या पातळ कागदाचा बोळा पाण्यांत भिजवून हळूच फिरविला तर पृष्ठभागावरील गंज निघतो, आणि ॲल्युमिनियम क्रोमहून मऊ असल्यामुळें चरेहि पडत नाहींत.

या चकाकीची दुसरी एक किंमत आहे आणि ती मालक भरीत नाहीं. क्रोमच्या हौदांत जो विद्युत्प्रवाह सोडतात त्याचा फारच थोडा हिस्सा, दहा ते वीस टक्के, धातु चढविण्याच्या कामीं येतो. बाकीचा पाण्यांतून हायड्रोजन वायु सोडविण्यांत खर्चीं पडतो. त्या वायूचे बुडबुडे फुटतांना क्रोमिक अम्लाचे सूक्ष्म तुषार हवेंत उडतात. हें षट्संयुजी क्रोमियम विषारी असून फुप्फुसाच्या कर्करोगास कारण होतें. त्या हवेंत काम करणाऱ्यांच्या नाकाच्या पडद्यास भोंक पडल्याचीं उदाहरणें वैद्यकास फार दिवसांपासून ठाऊक आहेत. तमिळनाडूंत राणीपेट येथें क्रोमेटच्या कारखान्याचा साठलेला कचरा, कारखाना बंद पडल्यावरहि, भोंवतालचें भूगर्भजल नासवीत राहिला. युरोपीय संघानें २०१७ च्या सप्टेंबरपासून या अम्लाचा वापर खास परवानगीवांचून करण्यास बंदी घातली. त्रिसंयुजी क्रोमियमची रीत पुष्कळ सौम्य असून तीच आतां पसरत आहे. तिचा रंग जुन्या क्रोमशीं किंचित् जुळत नाहीं अशी हौशी लोकांची तक्रार असते. आमच्या मतें रंगाच्या त्या किंचित् फरकापेक्षां कारागिराचें नाक व फुप्फुस अधिक मोलाचें आहे. ज्या कारखान्यांत हौदावर धूर ओढून नेणारी नळी नाहीं, कामगारांच्या हातांत मोजे नाहींत आणि वापरलेलें पाणी सरळ गटारांत जातें, तेथील स्वस्त क्रोम कोणत्याहि सुसंस्कृत गृहस्थानें आपल्या गाडीवर मिरवूं नये.

येथें मुलामा आणि कल्हई यांचा भेद पुन्हां उपयोगी पडतो. आपल्या देशांत क्रोमियमचें खनिज ओडिशांतील सुकिंदा खोऱ्यांत विपुल आहे. निकेल मात्र आपण बाहेरूनच आणीत आलों. परकीय चलनाची चणचण असतांना जो कारखाना बंपर करीत होता, त्यास वरची कल्हई घरची होती आणि खालचें तेज उसनें होतें. त्या दिवसांच्या एखाद्या देशी भागावर थर पातळ आढळला, तर त्यावर हंसण्यापूर्वीं ही अडचण ध्यानांत घ्यावी. एका नव्या राष्ट्रानें आयात केलेला एकेक भाग काढून त्या जागीं स्वतः केलेला भाग बसविला. काच आली, टायर आले, स्प्रिंगा आल्या, शेवटीं इंजिनहि आलें. हा सगळा प्रवास जुन्या फियाटीच्या भागांवरील छापांत वाचतां येतो. एखाद्या भागावर इटलीचें नांव, त्याच्याच शेजारच्या भागावर मुंबई-पुण्याच्या कारखान्याचें नांव: याहून बोलका औद्योगिक इतिहास ग्रंथांतहि क्वचितच सांपडेल. तो छाप घांसून काढून त्या जागीं परदेशांतून मागविलेला 'अस्सल' भाग बसविणें म्हणजे गाडी अधिक खरी करणें नव्हे.

या बाबतींत जगांतील जाणत्यांचें मत आतां बरेंच स्थिर झालें आहे. ऐतिहासिक वाहनांच्या फिव्हा या आंतरराष्ट्रीय संघानें २०१२ मध्यें ट्यूरिनची सनद म्हणून एक तत्त्वपत्रक मान्य केलें. जुन्या वास्तूंविषयींच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेचाच आदर्श त्यांत पुढें ठेवलेला आहे. जें टिकलें आहे तें आधीं जपावें, नव्यानें केलेलें ओळखूं येईल असें राखावें, आणि केलेल्या कामाची नोंद ठेवावी, हा तिचा सारांश. आपल्याकडेहि २०२१ च्या जुलै महिन्यांत केंद्र सरकारनें पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांच्या नोंदणीचे वेगळे नियम केले; सांगाडा, देह किंवा इंजिन यांत मोठा फेरफार न करतां मूळ रूपांत राखलेलीं वाहनेंच त्यांस पात्र ठरतात. नियम झाला हें चांगलें झालें. पण मूळ रूप म्हणजे काय हें नियम ठरवूं शकत नाहीं. तें ठरवावें लागतें मालकाच्या विवेकानें.

हा विवेक लवकर दाखविण्याचीं कारणें आहेत. मुंबईंत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर आपल्या वयोमर्यादेस पोंचून रस्त्यावरून निघाली. हजारों गाड्या नित्य धांवत होत्या तोंवर त्यांचे भाग करणारा, दुरुस्त करणारा आणि जपून ठेवणारा वर्ग त्यांवर जगत होता. गाड्या गेल्या कीं दुकानाचा माळा रिकामा होतो, सांचे भंगारांत जातात आणि मिस्त्रीचा मुलगा दुसरा धंदा धरतो. यापुढें अशी गाडी बाळगणाऱ्यानें स्वतःस तिचा मालक न समजतां विश्वस्त समजावें. काढलेला मूळ भाग, कितीहि गंजलेला असो, फेंकूं नये. चिठ्ठी बांधून पेटींत ठेवावा. कोणता भाग कोठून आणला, कोणत्या वर्षीं बदलला, कोणत्या मिस्त्रीनें बसविला, हें एका वहींत लिहावें. आणि त्या मिस्त्रीकडून त्याची रीतहि लिहून घ्यावी, कारण ती कोणत्याहि पुस्तकांत छापलेली नाहीं.

आणि चकाकीविषयीं म्हणाल तर तिचा द्वेष करण्याचें कारण नाहीं. मनुष्यास लखलखीत वस्तु आवडते, त्यांत पाप नाहीं. फक्त इतकें लक्षांत असूं द्यावें कीं, अर्ध्या मायक्रॉनचा जो पदर आपण पाहतों त्याच्याखालीं निकेल आहे, निकेलखालीं तांबें आहे, तांब्याखालीं कोणाच्या तरी हातानें दिवसेंदिवस घांसलेलें पोलाद आहे. आणि त्या पोलादावर कोठल्या कारखान्याचा छाप आहे, तो आधीं वाचून मगच गाडी क्रोमवाल्याच्या दारीं न्यावी.